शेजारची रिकामी सीट

विमा कंपनीच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत सुमेधा खरवंडीकर पडद्याकडे बघत बसल्या होत्या. वय, वस्ती, जात यांतलं काहीही न बघता, केवळ प्रवासाच्या नोंदींवरून गाडीच्या विम्याचा हप्ता ठरवणारा 'जोखीममापक' त्यांनीच घडवला होता. आज त्याने त्यांचाच हप्ता वाढवला होता.

"गाडी तर मी पूर्वीसारखीच चालवते," त्या सहकारी झुबेर परकारांना म्हणाल्या.

झुबेरांनी गणित उलगडून पाहिलं आणि ते अवघडले. "मॅडम, वर्षभर तुमच्या शेजारची सीट रिकामी आहे. एकट्यांचे अपघात जास्त होत नाहीत. पण झालाच, तर मदत उशिरा पोचते आणि उपचारांचा खर्च वाढतो. मापक हे आपणहून शिकलाय."

वर्षापूर्वीच सुमेधाताईंचे पती गेले होते.

"म्हणजे नवरा गेला म्हणून मी जास्त भरायचं?"

"आकडे खरे आहेत."

"खरे असतील. पण ह्यात माझ्या हातात काय होतं?"



प्रकरण संचालकांपुढे गेलं. सुमेधाताई शांतपणे, मुद्देसूद बोलल्या. जे माणसाच्या हातात नाही, त्याचा भार सगळ्यांनी मिळून उचलायचा. विमा म्हणतात तो यालाच. त्यांचं म्हणणं मान्य झालं. सीटवर कुणी बसलंय का, हे टिपणारा संवेदक मापकापासून तोडण्यात आला. वाढीव खर्च सगळ्यांत वाटला गेला, तो कुणाला जाणवलाही नाही. हजारो एकट्या माणसांचे हप्ते उतरले.

संवेदक तोडला त्याच संध्याकाळी सुमेधाताईंनी घराच्या इमारतीखाली गाडी बंद केली आणि त्या सवयीने थांबल्या. गाडी थांबली की रोज कंपनीच्या मदतकेंद्रातून फोन यायचा. कुणीतरी विचारायचं, "पोचलात ना, ताई?" वर्षभर यायचा तो फोन. ही सोय सगळ्यांनाच असेल, अशी त्यांची समजूत होती.

आज फोन आला नाही. त्यांनी झुबेरांना फोन करून विचारलं.

"तो फोन मापक लावायला सांगायचा, मॅडम. फक्त एकट्यांना. वेळेवर चौकशी झाली की खर्च वाचतो ना. आता एकटं कोण, हे त्याला कळतच नाही. आणि सगळ्यांना फोन करायला तेवढी माणसं नाहीत."

"हो. बरोबर आहे," त्या म्हणाल्या. निर्णय बरोबरच होता. पुन्हा वेळ आली असती तरी त्यांनी तोच घेतला असता.

वर जायची घाई नव्हती. त्या गाडीतच बसून राहिल्या. शहरात आणखी किती जण असे बसले असतील, हे आता कुणालाही मोजता येणार नव्हतं.