एकेचाळिसावं नाव

स्मारकावर कोरायच्या नावांची यादी आणायला पाथरवट सकाळीच कचेरीत गेला. कारकुनाने कागद पुढे सरकवला आणि एकेचाळिसाव्या नावावर बोट ठेवलं. "तुमचे थोरले बंधू ना? भाग्यवान आहात. शेवटच्या श्वासापर्यंत पूल धरून ठेवला त्यांनी!"

पाथरवटाने मान डोलावून कागदाची घडी घातली. दादा अकरा वर्षं घरातल्या मागच्या खोलीत लपून राहत होता. त्या पुलावर लढाई झालीच नव्हती. तुकडीतले सगळे जीव मुठीत धरून पळाले, चाळीस जण नदीत बुडाले आणि दादा तेवढा घरी पोचला. पण देशाला पूल हवा होता. पाठ्यपुस्तकात पूल, भाषणात पूल, पोरींच्या दोरीवरच्या उड्यांच्या गाण्यातही पूल. खरं सांगितलं असतं तर दादाला भिंतीशी उभं करून गोळी घातली असती.

"नको कोरूस रे," घरी मागच्या खोलीत दादा म्हणाला. "ते दगडात गेलं की मी उरणार नाही..."

"कोर तू," आई म्हणाली. "चारचौघांत लोक मला वाकून नमस्कार करतात. ते आता घालवू?"

त्याने कोरलं. भर दुपारी, छिन्नीच्या ठोक्यागणिक दगडातून मागच्या खोलीचा वास येत होता, कोंदट, औषधाचा. शेवटचं अक्षर होईपर्यंत त्याचे हात गार पडले.

घरी आईने दोनच ताटं वाढली होती.

"दादाचं ताट?"

"असं काय विचारतोस? पुलावर पडला ना तो..." आईने डोळे पुसले. खोटं बोलताना तिचा आवाज चढायचा. आज तो चढला नाही.

मागच्या खोलीला आतून कडी होती. त्याने दार फोडलं. गादीवर अंगाचा खळगा होता, कपात चहा वाफाळत होता. माणूस नव्हता.

अनावरणाला कचेरीतल्या साहेबांनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. पूल कुणीच धरला नव्हता, हे आज सांगून टाकायचं, मग होईल ते होवो, असं ठरवून तो उभा राहिला. तोंड उघडलं आणि बाहेर पडला तो पूलच. दादा कसा लढला, कसा पडला, सगळं. लोक ढसाढसा रडले. त्यालाही रडू आलं, आणि मेलं ते रडू अगदी खरं होतं.

टाळ्या चालू असतानाच तो फुलं वाहायला वाकला. तोल सावरायला त्याने दगडावर हात टेकला, तसं बोट दादाच्या नावाच्या खाचेत गेलं.

आतून कुणीतरी ते घट्ट धरलं.