मागे राहिलेल्यांचे दगड

दिवा जरा अलीकडे ओढा. सांगतो, पण मध्येच हसू नका.

आमचे बाबा जन्मभर बसचे कंडक्टर. माणसं मोजल्याशिवाय बेल मारायचे नाहीत. तीच खोड त्यांनी जंगलातही नेली. ओढ्याकाठची आमची पायवाट तीन ठिकाणी पाणी ओलांडते. बाबांचा नियम असा, की पहिला पलीकडे पोचेल त्याने मागे जितकी माणसं, तितके दगड काठावरच्या सपाट खडकावर मांडायचे. मागचा आला, की त्याने आपला दगड पाण्यात टाकायचा. खडकावर एक जरी दगड असला, तरी कुणी पुढे जायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबा, ताई आणि मी, असे तिघं गेलो. पहिल्याच ठिकाणी खडकावर एक दगड उरला होता, बाबांचा. आभाळ भरून आलेलं. "येतील मागून," मी म्हणालो, आणि ताईला घेऊन तंबू ठोकायला पुढे पळालो. पाणी वाढलं. बाबा आले नाहीत, सापडलेही नाहीत. तेव्हापासून मला धड झोप नाही.

यंदा ताईने हट्टच धरला, म्हणून पुन्हा गेलो. पाणी जेमतेम घोट्याएवढं. शेवाळाचा ओला वास, पानांतून झिरपणारं ऊन. चालतोय की पेंगतोय, तेच कळेना. ताई आधी पलीकडे पोचली. मागून मी. माझा दगड पाण्यात टाकला आणि पाहतो तर खडकावर अजून एक.

"सवयीने दोन मांडले रे," ताई ओशाळली.

मी तो उचलायला वाकलो.

"राहू दे. या वेळी थांबू या."

तिथेच तंबू ठोकला. झोपेत कधीतरी पाण्यातून कुणी चालत आल्याचा आवाज आला, चुबुक... चुबुक... अगदी सावकाश. भीती वाटली नाही, खरं सांगतो. लहानपणी बाबा ड्युटीवरून परतले, की वाटायचं तसं वाटलं. मी कूस बदलली आणि गाढ झोपलो.

सकाळी धुकं होतं. खडकावर दगड नव्हता.

"तू उचललास?"

"नाही गं. तू?"

ताई हसता हसता रडायलाच लागली.

दुसऱ्या ठिकाणी पोचलो, तेव्हा धुकं विरत होतं. पलीकडच्या खडकावर दोन दगड. ओले, शेजारी शेजारी. आमच्या पुढे तर कुणीच गेलं नव्हतं.

"आपलेच आहेत..." ताई कुजबुजली. "बाबा पुढे जाऊन थांबलेत."

तिने पाण्यात पाय टाकला. मी तिच्या सॅकचा पट्टा धरून तिला मागे खेचलं आणि आल्या वाटेने तडक तिच्या घरी पोचवलं. वाटेत ती एकच वाक्य बोलली. "पुन्हा तेच केलंस."

काल संध्याकाळी माझं दार वाजलं. ताई होती. पावसाचा पत्ता नाही, पण बूट निथळत होते. शेवाळाचा वास आला. आत ये म्हटलं, तर हलली नाही.

"आता एकच उरलाय," ती म्हणाली. "सावकाश ये... आम्ही थांबलोय."

मघाशी आत येताना उंबऱ्यावर तुमचा पाय ओला झाला ना? सकाळपासून तीनदा पुसलंय मी ते पाणी.