अडगळीच्या खोलीतून एकच ठोका

विश्वास बसो न बसो, हे माझ्यासोबत घडलंय. आणि रात्री नाही... भर दुपारी, सव्वादोन वाजता.

वाळवीचं औषध मारणं हा आमचा धंदा, काकांनी शिकवलेला. वाळवी लाकूड आतून खाते, वरचा रंग तसाच ठेवते. "वरून कीर्तन, आतून तमाशा," काका म्हणायचे. म्हणून आम्ही तुळईच्या दोन टोकांना उभे राहायचो. मी तीन ठोके मारायचो. काका कान लावून उत्तर द्यायचे.

दोन ठोके म्हणजे भरीव. एक म्हणजे पोकळ.

ज्या घरात हे घडलं, ते काकांनी गेल्या वर्षी एकट्यानं तपासलं होतं. गुडघा दुखत होता, म्हणून पलीकडच्या अडगळीच्या खोलीत न जाताच 'ठीक आहे' म्हणाले. शेवटच्या आजारपणात तेच उगाळत बसायचे. "पलीकडे जायला हवं होतं रे!"

ते गेल्यावर दोन महिन्यांनी मी तिथे गेलो.

"वर सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत," घरातल्या ताई म्हणाल्या. "जास्त ठोकाठोक नको हं."

अलीकडच्या खोलीत स्टुलावर चढून मी तुळईवर कान ठेवला; तिचं दुसरं टोक भिंतीपलीकडे, अडगळीच्या खोलीत होतं. सवयीनं तीन ठोके मारले.

शांतता.

मग पलीकडून...

ठक.

एकच.

"अडगळीत कोण आहे?"

"कुणी नाही. कुलूप आहे की!"

पुन्हा तीन ठोके मारले.

ठक.

ताईंनी कुलूप काढलं. आत कुणीच नव्हतं. जमिनीवरच्या धुळीत पाऊल उमटलेलं नव्हतं. मी तुळईच्या त्या टोकाला स्क्रूड्रायव्हर लावला, तर तो मुठीपर्यंत आत गेला.

"ताई, आजींना आधी खाली आणा!"

खुर्चीत बसवून दोघांनी त्यांना उतरवलं, अंगणात नेलं. दहा मिनिटांत तुळई मोडली. आजींचा पलंग अडगळीच्या खोलीत येऊन पडला.

मी तिथेच बसून ढसाढसा रडलो.

आमचं घरही काकांनीच तपासलेलं. माझी मुलगी माळ्यावर झोपायची. तिला खाली आणलं. दुसऱ्या माणसाकडून घर दोनदा तपासून घेतलं. वाळवी नाही म्हणाला.

तरी रोज मी तुळईवर तीन ठोके मारतो... कान लावतो...

दोन नाही. एकही नाही.

उत्तरच आलं नाही तर काय समजायचं, हे काकांनी कधी शिकवलं नव्हतं.