काकूंच्या टोपलीतली कॅसेट

जुन्या सामानाच्या दुकानात, एकाच टोपलीत, व्हिडिओ गेमच्या एकाच कॅसेटवर माझा आणि एका अनोळखी तरुणाचा हात एकदमच पडला. मी सोडली नाही. त्यानंही नाही.

"मी आधी बघितली," तो म्हणाला.

"मी आधी ओळखली," मी म्हणाले.

जुने गेम दुरुस्त करून विकणं हा माझा धंदा. तो दातांचा डॉक्टर. लहानपणी त्याचा हाच गेम ताईबरोबर खेळताना अर्धवट राहिलेला. आणि त्याचे डोळे तर... असो!

दुकानवाल्या काकूंनी कॅसेटला किरकोळ भाव लावला होता. गुपचूप घेऊन पसार होता आलं असतं. पण मी सरळ गल्ल्यापाशी गेले. "काकू, ही मातीमोल विकू नका."

"एवढं काय आहे त्या डबड्यात?" त्यानं विचारलं.

"तेव्हा हा गेम चाललाच नाही. कंपनीनं थोड्याच कॅसेट काढल्या आणि गाशा गुंडाळला. खोकी पोरांनी फाडली. हिचं खोकं, पुस्तिका, सगळं शाबूत. आणि तेव्हाची पोरं आता कमावती झालीत. लहानपणी हातचं सुटलेलं मिळवायला माणूस वाटेल ते मोजतो."

"खरंय," तो म्हणाला... पण बघत होता माझ्याकडे.

काकूंनी ती विकायचं काम माझ्यावरच सोपवलं.

"चालते की नाही, तपासायला हवी ना?" तो म्हणाला. "मी येतो."

"तुम्ही? दात तपासा की!"

तरी आला. रोज, दवाखाना बंद करून, माझ्या दुकानात. एकाच बाकावर, खांद्याला खांदा लावून आम्ही खेळायचो. हरला की खापर माझ्यावर— "तुम्ही हसलात म्हणून मेलो!"

मग गिऱ्हाईक आलं. शेवटची लेव्हल राहिली होती. क्षणभर वाटलं, नाही म्हणावं. पण काकूंना शब्द दिला होता. कॅसेट गेली. काकू फोनवर आनंदानं ओरडल्या. त्यांच्या दुकानाचं गळकं छप्पर आता नवं होणार होतं.

संध्याकाळी तो आला. टीव्ही बंद आणि कॅसेट गेलेली बघून दारातच थबकला.

"मग... आता मी कशाला येऊ?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले. "आणि हे अहो-जाहो पुरे. मला तू आवडतोस."

तो कानापर्यंत लाल झाला.

"तू..." त्यानं म्हणून पाहिलं. मग जरा धीटपणे— "तू आज दुकान लवकर बंद करशील?"

मी एका झटक्यात शटर खाली ओढलं.