फोनवरचा भला घरमालक

सामानाचा टेम्पो घेऊन पायल कांबळे शिरगावच्या फ्लॅटवर पोचली, तर दार सताड उघडं आणि ओट्यावर दुसऱ्याच कुणाची भांडी. सोनवणे नावाचं कुटुंब कालच राहायला आलं होतं. त्यांनीही डिपॉझिट भरलं होतं. त्याच मालकाला, फोनवरूनच. आणि आता मालकाचा फोन बंद.

दुसऱ्या दिवशी ती अंबरनाथला यशोधरा वाघमारेच्या ऑफिसात आली. यशोधरा खासगी तपास करायची. जोडीला महेंद्र भोईर, मोरिवलीचा. मनाने सरळ, डोक्याने जरा सावकाश.

"मालकाला समोरासमोर भेटलीस?" यशोधराने विचारलं.

"नाही ताई. ते दुबईला, म्हणाले. वॉचमनने घर दाखवलं."

"लाईटबिल? घराचे कागद?"

पायलने मान खाली घातली. "मागायची लाज वाटली. सगळीकडून नकार पचवून आले होते. आणि हा माणूस स्वतःहून फोन करून म्हणतो, 'भालेरावताई, मी जातपात मानत नाही. माझं घर तुमचंच समजा.' त्याच्याकडे कागद कसे मागणार?"

दोघं आधी शिरगावच्या त्या बिल्डिंगवर गेले.

वॉचमन बाळा घाबरला होता. "मालकांचा म्हणून फोन आला, मॅडम येतील, घर दाखव. चावी माझ्याकडंच असते. मॅडमचं नाव कोण विचारतंय? एजंट लोकपण चावी नेतात. सुनेत्राबाई नेतात, खरवईचे कैलासशेठ नेतात."

"सोसायटीत कुणाला मनाई आहे का?"

"छे! आमचे चेअरमन साळवेसाहेब. चौदा एप्रिलला अख्ख्या बिल्डिंगला खीर वाटतात."

एजंट सुनेत्राबाई तुटक बोलल्या. "कांबळे ना? आल्या होत्या. नंबर देऊन गेल्या. त्यांच्या बजेटमध्ये माझ्याकडे काही नव्हतं."

खरवईला कैलासने आधी महेंद्रचं आडनाव विचारलं. "भोईर? मग आपलेच!" त्याने महेंद्रचा हात दाबला आणि चहा मागवला. यशोधराने पायलचा फोटो पुढे केला, तसा तो म्हणाला, "त्या भालेरावबाई का? आडनावावरून कळलं नाही हो. कुलदैवत विचारलं, तेव्हा म्हणाल्या, आम्ही बौद्ध. मला काही नाही, पण शिरगावच्या त्या बिल्डिंगचा चेअरमन लई कडक. असली माणसं चालतच नाहीत त्याला."

महेंद्रने कप तसाच खाली ठेवला. यशोधराने मात्र शांतपणे कप संपवला. कैलासने तिचं आडनाव विचारलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर महेंद्र म्हणाला, "वॉचमनच मिळालेला असणार. चावी त्याच्याकडे."

"चावी तिघांच्याही हाताशी होती," ती म्हणाली. "चावी सोड. नाव धर."

दोन दिवसांनी ती पायलला आणि हवालदाराला घेऊन कैलाससमोर बसली. महेंद्र दाराशी उभा राहिला.

"पायल, भालेराव कोण?"

"माझं माहेर. कांबळे सांगितलं की लोक दार लावतात. म्हणून एकाच ठिकाणी माहेरचं आडनाव सांगितलं." तिने कैलासकडे बोट केलं. "इथे."

"आणि फोनवरच्या मालकाने तिला भालेरावताई म्हटलं," यशोधरा म्हणाली. "बाळाला ती नुसती मॅडम. सुनेत्राबाईंना ती कांबळे. भालेराव म्हणून ती फक्त तुला माहीत होती, कैलास."

"एवढ्यावरून?"

"नाही. तू म्हणालास चेअरमन कडक. चेअरमन साळवे आहेत, माझ्यासारखेच बौद्ध. त्या बिल्डिंगमध्ये तू वर्षभर ये-जा करतोस. म्हणजे तो नकार खोटा होता. सोनवण्यांना मी विचारून आले. त्यांनाही तू असंच हाकललंस, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाही 'भल्या मालकाचा' फोन आला."

महेंद्रला आता कुठे उमगलं. "म्हणजे... अपमान मुद्दाम केला?"

"तोच तर सापळा होता. आधी माणसाला दारातून हाकलायचं, मग दुसऱ्या आवाजात जवळ घ्यायचं."

हवालदार खाकरला. "आवाज यांच्या मेहुण्याचा. पैसे त्याच्याच खात्यात गेलेत. सकाळी उल्हासनगरातून उचललाय. सगळं बोलला."

कैलासचा चेहरा क्षणभर पडला. मग तो चक्क हसला. "मी कुणाच्या खिशात हात घातला का? हाकललेल्या माणसाशी दोन शब्द गोड बोला, तो कागद मागतच नाही. त्यांचीच चूक."

एवढी घाण इतक्या सहज बोलली जाते, हे महेंद्रने पहिल्यांदाच ऐकलं. बाहेर येऊन तो नळाखाली हात घासत राहिला.

"पैसे बरेचसे परत मिळतील," यशोधरा पायलला म्हणाली.

पायल रस्त्याकडे बघत होती.

"पैशांचं नाही, ताई. त्या फोनवर मी रडले होते. देव तुमचं भलं करो म्हणाले होते त्याला."