फितूर शेळी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. निम्मं मामाच्या तोंडून ऐकलंय, निम्मं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

हे सगळं सुरू झालं तो वार मंगळवार. दुपारचे तीन. जागा, किनाऱ्यापासून बोटीने पाच तासांवरचं एक बेट.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. बंदुकीवर हात पक्का, जिभेला हाड नाही. त्याचा जीव अडकलेला एकाच ठिकाणी, त्याच्या लेकीत. आम्ही तिला ताई म्हणतो.

त्या बेटावर माणूस राहत नाही. फार पूर्वी जहाजवाले तिथे शेळ्या सोडून गेले. परतीच्या वाटेवर ताजं मटण मिळावं, एवढाच हिशोब. पुढे जहाजं यायची थांबली, शेळ्या मात्र वाढत गेल्या. त्यांनी बेट बोडकं केलं. झुडपं गेली, माती वाहून समुद्रात गेली, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी नाहीसे झाले. मग वनखात्याने ठरवलं, एकही शेळी ठेवायची नाही.

तिघं गेले. मामा, त्याचा नेमबाज जोडीदार आणि बोटवाला.

पहिल्या शेकडो सोप्या होत्या. उरल्यासुरल्या शहाण्या झाल्या आणि कपारींत दडल्या.

त्यावर एक युक्ती असते. एक शेळी जिवंत धरायची. तिच्या गळ्यात रेडिओवरून ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधायचा आणि तिला मोकळं सोडायचं. शेळीला एकटं राहवत नाही. ती बरोबर बाकीच्यांना हुडकून काढते. आपण हातातल्या यंत्राची टिकटिक ऐकत मागोमाग जायचं. जवळ आलं की टिकटिक वाढते. तिथे असतील तेवढ्या मारायच्या, पट्टेवाली तेवढी सोडायची. ती बिचारी पुन्हा सोबत शोधायला निघते.

मामाने तिचं नाव ठेवलं फितूर.

चार वेळा तिने कळप दाखवला. पाचव्या वेळी मात्र ती एका उघड्या खडकावर जाऊन उभी राहिली.

सहा दिवस.

खालून दुसऱ्या शेळ्यांचा आवाज आला, की ती तोंड फिरवायची.

"तिला कळलंय," जोडीदार म्हणाला. "सोड ना आता. मला हे बरं वाटत नाहीये."

"शेळीला कळायला लागलं तर आपण दोघांनी चारा खावा," मामा म्हणाला.

आणि त्याने दगड उचलले.

भर उन्हात तीन तास त्याने तिला हाकललं. ती मागे वळली की दगड. थांबली की दगड. कपाळ फुटलं, एक डोळा मिटला. शेवटी ती एका कपारीच्या तोंडाशी पोचली. आत सात होत्या. त्यांतलं एक तिचंच पिल्लू. ते धावत आलं आणि तिला प्यायला लागलं.

मामाने त्याला दोन घोट पिऊ दिले.

मग बंदूक उचलली.

काम संपलं की पट्टेवालीलाही मारायचं, असा नियम होता. पण मामा हसला. "हिला कशाला? बसू दे एकटीला. आता कुणाचा घात करते बघू."

शेळी ओरडली नाही. उरलेल्या डोळ्याने त्याच्याकडे बघत राहिली.

बोट निघाली. यंत्र बंद होतं. बॅटरी काढून पेटीत ठेवलेली.

तरीही...

टिक.

फक्त मामाला ऐकू आलं.

आठवड्याने मामा जोडीदाराच्या घरी गेला. दोघं गप्पा मारत बसले. आवाज वाढत गेला... टिक टिक टिक... जोडीदाराने पाण्याच्या ग्लासाला हात लावला आणि तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय चाळीस.

मग बोटवाला. मामा धक्क्यावर त्याच्याशी बोलत उभा होता. टिकटिक सुरू झाली आणि बोटवाल्याचा पाय सुटला. बोट आणि धक्क्याच्या मध्ये सापडला तो.

आणि मग मामी. ती मामाच्या शेजारी बसून त्याच्या सदऱ्याला बटण लावत होती. सुई हातातच राहिली.

तेव्हा मामाच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याच्याजवळ आपण बसतो, त्याचा पत्ता कुणाला तरी लागतो.

ताई शेजारच्या गावात राहते. तेव्हा तिला दिवस गेले होते. "बाबा, इकडे या, एकटे राहू नका," म्हणून ती फोनवर रडायची. मामाने तिला नाही नाही ते बोलून तोडलं. ती येऊ नये म्हणून. नंतर फोन ठेवून स्वतः रडला.

बंदराच्या टोकाला बंद पडलेला बर्फाचा कारखाना आहे. तिथल्या पहारेकऱ्याच्या खोलीत तो राहायला गेला. मी डबा दूर ठेवायचो. तो बंद दाराआडून बोलायचा. हे सगळं त्याने मला तिथूनच सांगितलं. नातीचा फोटो त्याने फोनवरच पाहिला.

दहा महिने असेच गेले.

मग गेल्या महिन्यात, दिवसाढवळ्या, छपरावर...

दगड.

मी होतो तिथे. आसपास चिटपाखरू नव्हतं. दुसरा दगड काच फोडून आत गेला. मामा कपाळ धरून बाहेर पडला. ताईच्या गावाच्या रस्त्याला लागला की दगड थांबायचे. मागे वळला की पुन्हा सुरू.

"मला हाकलतायत रे," तो म्हणाला आणि मला ओरडून घरी पाठवलं.

परवा चार वाजता आमची बेल वाजली.

दारात मामा.

आईने त्याला हाताला धरून आत घेतलं. सोफ्यावर बसवलं, चहा टाकायला गेली. मी त्याच्यासमोर उभा राहिलो.

"मामा, इथे का आलास?"

"कुठेतरी जावंच लागणार होतं. ताईकडे नेत होते. मी मध्येच इकडे वळलो."

"आणि आई?"

त्याने मान वर केली नाही.

"तिचं वय झालंय रे. ताईचं बाळ अजून चार महिन्यांचं आहे."

मला त्याचा इतका राग आला, की हात उचलणार होतो.

माझ्या मागे... कप वाजले.

आई ट्रे घेऊन दारात उभी होती. तिला सगळं माहीत आहे. मामाचा शब्द न् शब्द मीच तिला येऊन सांगायचो. तिने ट्रे ठेवला. समोरची खुर्ची रिकामी होती, तरी ती त्याच्या अगदी शेजारी बसली. रुमालाने त्याचं कपाळ पुसलं.

"किती दिवस एकटा राहिलास," ती म्हणाली. "चहा घे आधी."

मामाने दोन्ही कानांवर हात दाबले.

मामा अजून आमच्याकडेच आहे. आई त्याच्याजवळून हलत नाही. ऊठ म्हटलं तर चिडते. ताईचा फोन आला, तर तिला काही कळू द्यायचं नाही, असं तिने मला बजावलंय. मी आतल्या खोलीत बसून हे लिहितोय आणि दर थोड्या वेळाने तिला उगाच हाक मारतोय. ती ओ देते. म्हणते, काय रे, सारखं सारखं काय आहे?