पाठमोरा मास्तर

टुनी तळ्यात बुडाल्याचं कळलं त्या दिवशी रुमाना ढाक्याला होती, शिलाईच्या कारखान्यात. टुनी तिच्या भावाची मुलगी, अडीच वर्षांची. रुमाना मिळेल त्या लाँचनं निघाली, सकाळी घाटावर उतरली आणि समोर दिसली त्या होडीत बसली. होडी तौहिदची होती.

"कुठं जायचं?"

"शोलाकाठी. ज्यांची मुलगी... काल गेली, त्यांच्याकडे."

तौहिद मान खाली घालून वल्हवू लागला. आदल्या दिवशी टुनीला पाण्याबाहेर काढल्यावर तिचे पाय धरून तिला डोक्याभोवती गरगर फिरवणारा तोच होता. पोटातलं पाणी असंच काढतात, हे त्या भागात सगळेच मानत. त्याचे दंड होडी वल्हवून दणकट झालेले, म्हणून बायकांनी पोर त्याच्याच हातात दिलं. पाणी निघालं. श्वास काही आला नाही.

टुनीची आई शिरीन मात्र त्याला दुवाच देत राहिली. परक्याच्या लेकरासाठी कोण एवढं धावतं, म्हणायची. दर ईदला त्याच्या घरी पिठे, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड पदार्थ, पाठवायची.

रुमाना परत ढाक्याला गेली नाही. गावात एका संस्थेनं बालघर काढलं, ते ती चालवू लागली. सकाळी नऊ ते एक, म्हणजे आया चुलीपाशी असतात त्या वेळेत, गावातली वीस-पंचवीस लहान पोरं तिच्या नजरेखाली. तौहिदला त्याच संस्थेनं मोठ्या मुलांना पोहायला शिकवण्यासाठी तयार केलं. त्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं, बुडालेल्या मुलाला फिरवायचं नाही. त्यात जीव वाचवायचा वेळ जातो. आडवं निजवायचं आणि तोंडानं श्वास द्यायचा. तौहिद त्या दिवशी जेवला नाही. हे कोणाला सांगायचं, तेही त्याला कळेना.

मुलगे पोहायला शिकले. मुली राहिल्या. आठ-दहा वर्षांच्या तेवीस मुली यादीत होत्या, पण पुरुष मास्तरकडे पाठवायला बाप तयार नव्हते. बाई शिकवणार असेल तर पाठवू, म्हणाले. सगळ्यांनी रुमानाकडे पाहिलं.

"मला पोहता येत नाही," ती म्हणाली.

"तळ्याकाठी वाढलीस आणि पोहता येत नाही?" तौहिदच्या मावशीनं, जोहरा खालानं, कपाळाला हात लावला.

"घागर भरायला पोहावं लागत नाही, खाला."

शेवटी गावानं वाट काढली. तौहिदनं आधी रुमानाला शिकवायचं, पण काठावर पाठमोरं बसून; मग तिनं मुलींना. पाण्यात रुमानाला धरायला जोहरा खाला.

त्याप्रमाणे रोज दुपारी तौहिद तळ्याकडे पाठ करून बसू लागला.

"गुडघ्यातून पाय मारताय. मांडीतून मारा."

"तुम्ही वळून पाहिलंत."

"नाही. ऐकलं. थपथप वाजलं की गुडघा, दबदब वाजलं की मांडी."

"खाला, हे खरंच बघत नाहीयेत ना?"

"अगं, मान बघ त्याची. सुपारीच्या झाडासारखी ताठ. समोरच्या केळीवरून नजर हलत नाही बिचाऱ्याची."

"एवढं काय बघताय हो त्या केळीत?"

"दुसरं काही बघायला दिलंय का कुणी?"

पाण्यात खळखळ झाली. खाला हसली की रुमाना, ते त्यालाच कळलं... आणि मग तेच ऐकायला तो लवकर येऊ लागला. ती दमली की पाणी कसं वाजतं, चिडली की कसं, हे तो न पाहता ओळखायचा. रुमाना बाहेर आली, ओढणी पिळून अंगभर घेतली, की खाला म्हणायची, "वळ आता." तेव्हा तौहिद वळायचा आणि केसांतून पाणी गळणारी रुमाना दुसरीकडेच बघायची.

एकदा ती जाता जाता थांबली.

"तौहिद भाई, तुम्ही टुनीसाठी धावलात. भाभी सांगते, पाणी तुम्हीच काढलंत. म्हणून तर मी उतरले या तळ्यात. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं."

आपल्याला ही हवी आहे, हे त्याला त्याच दिवशी पक्कं कळलं. आणि फिरवल्याचं सांगितल्याशिवाय तिला मागता यायचं नाही, हेही.

संस्था घेणार होती त्या पोहण्याच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी ती एकटीनं पोहत होती. खाला पायरीवर पान लावत बसली होती. तौहिद केळीकडे बघून म्हणाला, "पाणी मी काढलं खरं. पण... फिरवून काढलं."

मागचा आवाज थांबला.

बालघर चालवणाऱ्या रुमानालाही ते प्रशिक्षण झालेलं होतं. तिला पुढं सांगायची गरज नव्हती. तौहिद कान देऊन बसला. थपथप नाही, दबदब नाही. काहीच नाही.

"रुमाना?"

तो पहिल्यांदाच वळला. रुमाना पाठीवर तरंगत होती, डोळे उघडे, आभाळाकडे.

"मान," ती म्हणाली. त्यानं मान पुन्हा केळीकडे वळवली.

"वाचली असती का ती?"

"माहीत नाही. पण होता तो वेळ माझ्या हातून गेला."



"मी तिथं असते," रुमाना म्हणाली, "तर मीही ओरडले असते, फिरवा म्हणून. तेव्हा कोणाला माहीत होतं... पण हे भाभीला सांगायचं. तुमच्या तोंडून."

"आणि नंतर?"

"नंतर खालाला आमच्याकडे पाठवा."

"कशाला?"

"तेही मीच शिकवू का, मास्तर?"

पाणी पुन्हा वाजलं. दबदब, बिनचूक.

दुसऱ्या दिवशी रुमाना पंचवीस मीटर पोहली, अर्धं मिनिट जागच्या जागी तरंगली आणि पास झाली. शनिवारी तेवीस मुलींचा वर्ग सुरू झाला. खालानं मागणी घालायला जाण्यासाठी नवी साडी काढून ठेवली.

तौहिद दोनदा शिरीनच्या अंगणात जाऊन आला. पहिल्यांदा तिनं चहा दिला, दुसऱ्यांदा नारळाचे लाडू बांधून दिले. सांगायचं ते अजून सांगून झालेलं नाही.